दगडमावशीची ओ

फार पूर्वी, माळांना अजून कुंपणं पडली नव्हती आणि पाखरांची भाषा माणसांना अर्धीमुर्धी कळत होती, त्या काळातली ही गोष्ट. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांच्या मागं बसून, आपल्याला काही ऐकायचं नाही असं दाखवत कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. खरं सांगायचं तर ही तुमच्यासाठीच आहे.

एक माळ होता. लांबच लांब, उघडाबोडका. कुसळीचं गवत, मुरमाड जमीन, इथं तिथं तरवडीची झुडपं आणि बाकी सगळे खडे. त्या माळावर करवानक राहायचे.

करवानक म्हणजे कोण? कोंबडीपेक्षा जरा लहान असा पक्षी. अंगावर मातीचे आणि वाळक्या गवताचे रंग. पाय लांब, पिवळे, आणि गुडघे सुजल्यासारखे जाडजूड. डोळे एवढे मोठे, की बघणाऱ्याला वाटावं, आपलं काहीतरी चुकलंय आणि हा आता रागावणार. दिवसभर हा झुडपाच्या सावलीत बसून असतो आणि ऊन उतरलं की चरायला निघतो. झाडावर घरटं बांधायचं त्याला वावडं. खड्यांमध्ये पोट घासून थोडा खळगा केला, की झालं घर. ना छप्पर ना भिंत.

आता अशा उघड्या घरात राहायचं, वर आभाळात गरुड, खाली गवतात खोकड आणि घोरपड, तर जगायचं कसं? त्यासाठी करवानकांची एक रीत होती. पाऊल वाजलं, की दगड व्हायचं. पाय दुमडायचे, मान लांब करून जमिनीला टेकवायची, डोळे बारीक करायचे आणि श्वाससुद्धा चोरून घ्यायचा. कुणी हाक मारली तरी दिवसाउजेडी ओ द्यायची नाही. हाक कुणाचीही असो. जो ओ देतो, तो सापडतो.

या विद्येत एक करवानकीण सगळ्यांत पारंगत होती. ती दगड झाली, की सरडे तिच्या पाठीवर ऊन खात बसायचे. एकदा तर मेंढ्यांचा अख्खा कळप तिच्या अंगावरून गेला आणि ती हलली नाही. साऱ्या माळावरचे करवानक आपली पिल्लं शिकायला तिच्याकडे पाठवायचे. तिला सगळे दगडमावशी म्हणायचे, आणि तिला ते नाव मनातून आवडायचं.

पण मावशी जन्मतःच अशी नव्हती.

तरुणपणी ती भारी बोलघेवडी होती. तिचा नवराही तसलाच. एके दुपारी तो तिला शोधत आला. खळगा नवीन होता, त्याला नेमकं झुडूप सापडेना. त्यानं हळूच हाक मारली, "अगं, कुठंयस तू?" आणि हिनं हसून उत्तर दिलं, "ओ! इथं आहे, इथं!"

ती ओ नवऱ्यानं ऐकली, तशी गवतातल्या खोकडानंही ऐकली. खोकड सरळ खळग्यावर आलं. खळग्यात नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं एक पिल्लू होतं. नवरा पंख पसरून मध्ये पडला. पिल्लू वाचलं, ती वाचली, तो गेला.

त्या दिवसानंतर तिच्या तोंडून कुणी ओ ऐकली नाही. संध्याकाळ झाली की सगळे करवानक ओरडून एकमेकांची खबर घ्यायचे. "आहेस का?" "आहे, आहे!" माळभर हाका आणि ओ यांची नुसती झुंबड उडायची. मावशी तेवढी मूग गिळून बसायची.

वाचलेलं पिल्लू मोठं होऊ लागलं. ती लेक होती. तिच्या डाव्या पायाचं एक बोट लहानपणी काट्यात अडकून वाकडं झालं होतं, त्यामुळे ती चालली की एक पाऊल जरा घासत यायचं. पण त्या पायाला स्वस्थपणा कसा तो ठाऊक नव्हता. आई म्हणायची, "दगड!" की ती आडवी व्हायची, पण लगेच तिचा एक डोळा उघडायचा. मग दुसरा. मग मान. मग प्रश्न सुरू.

"आई, खोकड गेलं का गं?"

"गप."

"आई, दगडाला कंटाळा येत नाही का?"

"गप म्हणते ना!"

"आई, तू आहेस ना तिथं?"

हा शेवटचा प्रश्न ती रोज विचारायची. भीती वाटली की विचारायची, झोप आली की विचारायची, काही कारण नसताना उगीचच विचारायची. त्यावर तिला दुसरं काही नको होतं. नुसती एक ओ पुरली असती. पण मावशीला नवऱ्याची ती शेवटची दुपार आठवायची, आणि ती मान आणखी घट्ट जमिनीला लावायची.

एके दिवशी भर दुपारी पावलं वाजली. मावशी दगड झाली. लेकही झाली, पण थोडा वेळच. कोण आहे ते बघायला ती उठून उभीच राहिली. बघते तर एक चुकार शेळी. शेळीनं तिच्याकडे पाहिलं, कान हलवले आणि आपल्या वाटेनं निघून गेली.

झालं काहीच नव्हतं. पण मावशी भीतीनं थरथरत होती, आणि भ्यालेलं माणूस काय बोलतं ते तुम्हाला माहीत आहेच. ती म्हणाली, "तुला दगड होता येत नसेल, तर माझी लेक म्हणवून घेऊ नकोस!"

लेकीचे मोठे डोळे आणखी मोठे झाले. "मला दगडाची लेक व्हायचंच नाही," ती म्हणाली. "मला आई पाहिजे."

ऊन कलल्यावर ती चालायला लागली. नदीच्या दिशेनं. माळ संपतो तिथल्या टेकाडावर ती थांबली आणि वळून तिनं एक हाक मारली. "आई!"

मावशीनं ती ऐकली. ओ गळ्यापर्यंत आली. पण दिवस अजून पुरता मावळला नव्हता, गवत हलत होतं, आणि तिला वाटलं, आज ना उद्या येईलच परत, जाते कुठं? तिनं ओ गिळली. टेकाडावर उभी असलेली ती लहानशी सावली थोडा वेळ थांबली आणि पलीकडे उतरली.

उद्या उजाडला. लेक आली नाही. परवाही आली नाही.

मग दिवसांमागून दिवस गेले. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. मावशी पिल्लांना शिकवत राहिली आणि तिचं नाव दूरवर गेलं. पण पूर्वी ती कुठंही तोंड करून बसायची, आता खळग्यात बसताना तोंड नेहमी नदीकडे असायचं. खळगाही ती जरा मोठाच करायची, एका अंगाला जागा सोडून. एखादा चांगला टपोरा भुंगेरा सापडला की अर्धा खाऊन थांबायची. मग स्वतःशीच चिडून उरलेला खायची. कुणी नदीकडून आलेलं पाखरू दिसलं की आडून आडून विचारायची, "तिकडं नवीन कोण राहायला आलंय का? नाही, मला काही नाही त्याचं. सहज विचारलं."

तिला लेक हवी होती, दुसरं काही नको होतं. हे सगळ्या माळाला कळत होतं. फक्त तिनं ते तोंडानं कधी म्हटलं नाही.

शेजारी एक टिटवी राहायची. टिटवी म्हणजे करवानकाच्या अगदी उलट. पान पडलं तरी ओरडणार. ती एकदा म्हणाली, "अगं मावशी, एवढं वाटतं तर संध्याकाळी एक हाक मार की नदीकडे तोंड करून. तुझं काय जातंय?"

मावशी म्हणाली, "माझ्या ओ नं एक जीव गेलाय. आता पुरे."

"ते दुपारी गं! आणि हाक मारायची म्हटलं मी, ओ नव्हे."

"ती गेली तिच्या पायानं. येईल तर येईल. मी का हाक मारू?" मावशी म्हणाली, आणि टिटवीला कळलं की इथं नुसती भीती नाही, थोडा हट्टही आहे. भीती आणि हट्ट एका खळग्यात राहायला लागले, की कोण कुठला हे ओळखू येत नाही. टिटवीनं विषय सोडला.

तिसऱ्या वर्षीचा वैशाख आला. ऊन असं, की लांबचं झुडूप पाण्यातल्यासारखं हलताना दिसावं. मावशी आता म्हातारी झाली होती. तिच्या पिसांचा तपकिरी रंग उडून ती खरोखरच धोंड्याच्या रंगाची झाली होती. भर दुपारी ती तरवडीखाली बसली होती, आणि पावलं वाजली.

मावशी दगड झाली. त्यासाठी तिला आता विचारही करावा लागत नसे.

पावलं नदीकडून येत होती. वाळूत चालायची सवय झालेली, पसरट, सावकाश पावलं. आणि त्यातलं एक जरा घासत येत होतं.

मावशीनं बारीक फटीतून पाहिलं. आधी दोन पिवळे पाय दिसले. मग डाव्या पायाचं वाकडं बोट.

तिच्या छातीत असं काही धडधडलं, की आता आपण उघडे पडणार असं तिला वाटलं. लेक आली होती! चांगली उंच झाली होती, पण उन्हानं आणि चालण्यानं दमलेली दिसत होती. चोचीत एक नदीचा गोटा होता, पांढरा, गुळगुळीत. तो खाली ठेवून ती माळाकडे पाहत उभी राहिली. माळ सगळा पांढराफटक चमकत होता. एवढे खडे, एवढी झुडपं. त्यातली आपली कुठली? तिला कधीच दगडांतला करवानक ओळखता आला नव्हता.

"आई!" तिनं हाक मारली. "आई गं! आहेस का?"

ऊठ, मावशीचं मन म्हणालं. ऊठ ना! पण मान इतकी वर्षं एकच गोष्ट शिकली होती. हाक आली, की आणखी खाली. आणि कुठून तरी आतून ते जुनं भय म्हणालं, मागं ओ दिलीस तेव्हा काय झालं, आठवतं ना?

मावशी गप्प राहिली. पहिली हाक गेली.

गोटा उचलून लेक सावलीसाठी तरवडीखाली आली. आईपासून चोचभर अंतरावर. "चला, टेकायला एक धोंडा तरी आहे," ती म्हणाली, आणि आईला टेकून बसली.

धोंडा गरम होता. पण वैशाखातला धोंडा गरमच असतो. लेकीला काही वेगळं वाटलं नाही.

दमलेलं माणूस एकटं असलं की कुणाशीही बोलतं. लेक धोंड्याशी बोलू लागली. "काय रे धोंड्या, माझी आई कुठं असते आता, तुला ठाऊक आहे का? मी तिला न्यायला आलेय. मला दोन पोरं झालीत. दोन्ही माझ्यावर गेलीत. घडीभर स्वस्थ पडत नाहीत. वाळूत दिवसभर हुंदडतात आणि वर गरुड फिरतो. परवा थोडक्यात वाचली. मी त्यांना ओरडले आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडलं, माहितीय? दगड होता येत नसेल तर माझी पोरं म्हणवून घेऊ नका! अगदी आईच्याच आवाजात. तेव्हा मला कळलं रे, ती रागावली नव्हती. ती भ्याली होती."

 मावशीला तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. इतक्या वर्षांत कुणी तिला टेकून बसलं नव्हतं. तिला वाटलं, हे असंच राहावं, ऊन कलूच नये.

आता ऊठ, मन पुन्हा म्हणालं. पण आता निराळीच अडचण झाली होती. आता उठायचं, तर लेक म्हणणार, म्हणजे तू इथंच होतीस? मी हाक मारली तेव्हा ऐकत होतीस? हे सगळं मी बोलले, तेही ऐकलंस? काय तोंडानं सांगायचं? पहिल्या हाकेलाच ओ दिली असती, तर ते सोपं होतं. एक हाक हुकली आणि दुसरी फार जड झाली. तिनं स्वतःला सांगितलं, आणखी एकदा हाक मारू दे. एकदाच. मग नक्की उठते.

लेकीनं हाक मारली. पण या वेळी फार हळू, उत्तराची आशा नसल्यासारखी. "आई, आहेस ना तिथं?"

तोच जुना प्रश्न. मावशीच्या गळ्यात ओ आली आणि अडकली. इतकी वर्षं न वापरलेली ओ, ती काय पटकन निघते? तिनं जोर केला. चोच जराशी उघडली. आवाज आला नाही.

लेक उठली. "नसेल," ती म्हणाली. "असती तर बोलली असती. एवढी कठोर नव्हती ती." पांढरा गोटा तिनं धोंड्याच्या चोचीपाशी ठेवला, अर्थात ती चोच आहे हे तिला ठाऊक नव्हतं. "धोंड्या, कधी आई आलीच इकडं, तर तिला सांग. पाणी चढायच्या आत आम्ही पलीकडच्या तीराला जातोय, तिथं म्हणे गरुड कमी आहेत. एवढं पाणी ओलांडायचं बळ पोरांच्या पंखांत अजून नाही, एकदा पाणी चढलं की येणं जाणं बंद. आणि सांग, की मी आले होते."

घासत्या पावलाचा आवाज लांब लांब गेला. मग उन्हात कुठंतरी विरून गेला.

टिटवी धावत आली. तिनं सगळं वरच्या ढेकळावरून पाहिलं होतं, पण कोण पाहुणी आहे ते तिला उशिरा उमगलं. "मावशी!" ती ओरडली. "अगं कमाल झाली तुझी! पोटची पोर टेकून बसली, तरी तिला कळलं नाही! असा दगड या माळावर आजवर कुणी झाला नसेल, पुढंही कुणी होणार नाही!"

मावशीनं आयुष्यभर अनेकांकडून शाबासकी घेतली होती. ही शाबासकी ऐकून ती रडली. मान जमिनीला तशीच टेकलेली, आणि डोळ्यांतलं पाणी त्या पांढऱ्या गोट्यावर पडत होतं. 

ऊन उतरताच मावशी नदीकडे धावत सुटली. म्हाताऱ्या पायांना तेवढी घाई झेपत नव्हती, जाडजूड गुडघे दुखत होते, आणि पंखांचा तिला भरवसा उरला नव्हता. दोन संध्याकाळी ती चालत होती. वाटेत ती ओ म्हणायचा सराव करत होती. आधी नुसती हवा निघाली. मग खरखर. मग एकदाची वाकडीतिकडी का होईना, ओ निघाली. ती स्वतःच दचकली.

ती काठावर पोचली तेव्हा नदी गढूळ झाली होती. वर डोंगरात कुठंतरी वळिवाचा पाऊस कोसळला होता आणि पाणी दोन्ही थड्या भरून चाललं होतं. काठावर नदीचा एक थोराड करवानक बसला होता, जाड चोचीचा, म्हातारा.

"दादा," मावशीनं धापा टाकत विचारलं, "वाकड्या बोटाची एक पोर इथं राहते. कुठं आहे ती?"

"राहत होती बाई," तो म्हणाला. "सकाळीच पलीकडे गेली. थोडी आधीच गेली असती, पण आईला आणायला माळावर गेली होती. आली ती एकटीच. म्हणाली, आई भेटली नाही, पण तिथल्या एका धोंड्यापाशी बसले आणि बरं वाटलं."

मावशी पाण्याच्या अगदी कडेला गेली. "ओ!" ती ओरडली. "ओ! मी आहे गं! इथं आहे!"

पाण्याचा आवाज मोठा होता आणि तिचा आवाज नवखा होता. तो निम्म्या नदीपर्यंतसुद्धा गेला नाही. ती अंधार पडेपर्यंत ओरडली, उजाडेपर्यंत ओरडली. पलीकडून काही आलं नाही. अखेर म्हातारा करवानक म्हणाला, "बाई, आता पाणी ओसरल्याशिवाय काही व्हायचं नाही. घरी जा."

ती माळावर परत आली. पांढरा गोटा होता तिथंच होता. ती त्याच्याशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी पिल्लं शिकायला आली. मावशीनं त्यांना दगड व्हायला शिकवलं, नेहमीसारखंच. पण धडा संपल्यावर ती म्हणाली, "थांबा. याच्यापुढं आणखी एक धडा आहे. तो मलाही नीट येत नाही, आपण सगळे मिळून शिकू. पावलं ओळखायची. खोकडाचं पाऊल कसं, शेळीचं कसं, आपल्या माणसाचं कसं. खोकडाचं असेल तर दगड. आपल्या माणसाचं असेल तर उठायचं."

एक चौकस पिल्लू म्हणालं, "आणि मावशी, ओळखूच आलं नाही तर?"

मावशीनं विचार केला. असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला असता तर ती गप म्हणाली असती. "तर जरा थांबायचं," ती म्हणाली. "पण डोळे उघडे ठेवून. आणि ओळख पटली की मग क्षणभरही थांबायचं नाही. लाज वाटली तरी नाही."

त्या दिवसापासून संध्याकाळच्या हाकांमध्ये एक नवा खरखरीत आवाज मिसळू लागला. नदीकडे तोंड करून तो सगळ्यांत आधी सुरू व्हायचा आणि सगळ्यांत शेवटी थांबायचा. "ओ! ओ! इथं आहे!" माळावरच्या करवानकांना कळायचं नाही की हाक कुणीच मारत नसताना मावशी ओ कुणाला देते. टिटवीला कळायचं, पण तिनंही कुणाला सांगितलं नाही. टिटवीच्या मानानं ही फार मोठी गोष्ट होती.

पावसाळा गेला. हिवाळा गेला. पाणी ओसरलं, नदीत वाळूचे पट्टे उघडे पडले. नदीपर्यंत जायचं बळ पायांत उरलं नव्हतं, पण मावशी रोज टेकाडापर्यंत जाऊन यायची.

पुन्हा वैशाख आला. पुन्हा तशीच दुपार, तसंच हलणारं ऊन. मावशी तरवडीखाली बसली होती. तिला आता फार दूरवर चालवत नव्हतं.

पावलं वाजली. नदीकडून.

मावशीची मान सवयीनं जमिनीला लागली. डोळे मात्र तिनं उघडे ठेवले. पावलं पसरट होती, वाळूतली होती. पण त्यात घासणारं पाऊल नव्हतं. मावशीनं पुन्हा पुन्हा ऐकलं. नव्हतंच.

एक कोवळी पोर झुडपापाशी आली. पाय सरळ, बोटं सरळ. डोळे मात्र मोठे आणि प्रश्नांनी भरलेले. तिनं पांढरा गोटा पाहिला. मग त्याच्याशेजारचा धोंडा पाहिला. आणि ती त्याला हळूच टेकून बसली.

"तूच ना रे तो?" ती म्हणाली. "आई सांगायची, माळावर तरवडीखाली एक धोंडा आहे, शेजारी पांढरा गोटा ठेवलाय. कधी फार एकटं वाटलं तर त्याच्यापाशी जाऊन बस म्हणायची. म्हणून आले." तिचा आवाज बारीक झाला. "पलीकडेही गरुड होते रे. माझा भाऊ हलला. आई पंख पसरून मध्ये पडली. तरी तो गेला, आणि आईही गेली. मी तेवढी उरले. आम्हाला स्वस्थ पडायला शिकवणारं कुणी नव्हतं."

मावशीनं ऐकलं. नवरा पंख पसरून पडला होता, आता लेकही तशीच पडली. आणि ज्या विद्येनं तो नातू वाचला असता, ती विद्या इथं, या तरवडीखाली, गोट्याशेजारी धोंडा होऊन पडून राहिली होती. ती जे मागत होती, ते आता कधीच मिळणार नव्हतं. वाकड्या बोटाचं पाऊल या माळावर पुन्हा वाजणार नव्हतं.

पोरीनं गुडघ्यांत मान घातली. तिला कुणी सांगितलं नव्हतं, शिकवलं नव्हतं, तरी तिच्या तोंडून तेच शब्द आले. बहुधा झोपताना आईच्या तोंडून तिनं ते ऐकले असावेत.

"आहेस का गं तिथं?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली, तिलाच ठाऊक नव्हतं.

भर दुपार होती. गवत हलत होतं. माळावरचे सगळे करवानक दगड होऊन पडले होते. आणि त्या लख्ख उजेडात एका धोंड्यानं मान वर केली, दोन मोठे पिवळे डोळे उघडले आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं:

"ओ!"

पोर दचकून उडाली, आणि मग उडाली तशीच परत त्याच्या कुशीत आली.

मुलांनो, त्या पोरीला आजीनं दगड व्हायला शिकवलं. ती पुष्कळ जगली. आणि मोठ्यांनो, मावशीच्या लेकीला मात्र ती ओ कधीच ऐकू गेली नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाच्या पहिल्याच हाकेला ओ द्यावी, कारण मनात कितीही माया असली तरी गप्प राहिलेलं माणूस आणि माळावरचा धोंडा यांत हाक मारणाऱ्याला काही फरक दिसत नाही.